डबा कुणाच्या छातीवर

डॉक्टरांची गाडी ओढ्यात रुतली आणि ते मालकाच्या जीपमधून गावात आले, तिथेच सगळं बिघडलं. चपला हातात घेऊन ओढा पायी ओलांडून आले असते, तर लोकांनी कदाचित त्यांना चहा पाजला असता. पण मालकाच्या जीपमधून जो उतरतो तो मालकाचा माणूस, हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. त्यातून ओढ्याला पाणी होतं घोट्याएवढं. घोट्याएवढ्या पाण्यात गाडी रुतते यावर कोण विश्वास ठेवणार?

आणि वेळही अशी आलेली. गावाचा एकच धंदा, दोर वळण्याचा. कारखाना म्हणायचं, पण कारखान्याला ना भिंत ना छप्पर. झाडांच्या सावलीत साफ केलेल्या सहा लांबलचक पट्ट्या. त्यांना सगळे ओळी म्हणत. प्रत्येक ओळीच्या तोंडाशी एक चाक, चाकाशी बसलेली बाई, आणि तिच्यासमोर चालणारा गडी. गड्याने वाखाचा, म्हणजे घायपाताच्या धाग्यांचा, भारा कमरेभोवती गुंडाळायचा, त्यातला एक झुपका चाकाच्या आकड्यात अडकवायचा आणि वाख सोडत सोडत मागे मागे जायचं. बाईने चाक फिरवायचं, पीळ भरायचा. दिवसभर तो मागे जातो, दिवसभर ती फिरवते. भुताचे पाय उलटे आणि आमची चाल उलटी, असं तिथले लोक म्हणत, फरक एवढाच की भुताच्या डोक्यावर मालक नसतो.

तर या मालकाने सांगून टाकलं होतं की नायलॉनच्या दोराने बाजार खाल्ला, पावसाळ्यानंतर तीनच ओळी चालतील. कोणत्या तीन, ते काही बोलला नव्हता. एका ओळीला एक जोडी, बहुतेक नवराबायकोच. जोडीतलं एक पडलं की ओळ पडली. तेव्हापासून सहाही ओळींवर माणसं खोकायची सुद्धा तोंड दाबून.

अशा दिवसांत छाती तपासणारे आले.

गावाची सभा भरली तेव्हा शहरातल्या डॉक्टरीणबाई खुर्चीवर न बसता बाकाच्या कडेला टेकल्या. बरोबर एक तरुण मदतनीस डॉक्टर आणि गावच्याच नर्सबाई. "हृदयाची सगळी मापं शहरातल्या लोकांवरून काढलेली आहेत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तुमच्यासारखं कष्टाचं काम करणाऱ्यांचं हृदय कुणी मोजलंच नाही. म्हणून औषध ठरतं त्यांच्याकडे पाहून, आणि मरण येतं तुमच्याकडे. हे बदलायचं तर तुम्ही बरोबर हवेत. तुमच्या संमतीशिवाय काही होणार नाही. समितीत तुमची माणसं असतील."

समितीत पोपटला घेतलं होतं. पोपट म्हणजे पलीकडच्या ओळीवरचा गडी. तोंड बंद ठेवणं त्याला आईने शिकवलंच नव्हतं. तो उठून म्हणाला, "मोजून झाल्यावर काय करणार?"

"ज्याला गरज आहे त्याच्यावर उपचार."

"आणि मालकाला काय सांगणार?"

"काहीही नाही."

"मग जीप कशी दिली त्यांनी?"

डॉक्टरीणबाईंनी गाडी रुतल्याचं खरंखरं सांगितलं. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि एकालाही पटलं नाही.

मागच्या बाजूला उभ्या असलेल्या लांब्याला तर मुळीच नाही. लांब्या हा पहिल्या ओळीवरचा गडी. अंगाने ताडमाड, म्हणून लांब्या. खरं नाव त्याच्या बायकोलाही घ्यायची वेळ येत नसे. थंडी सरल्यापासून लांब्याच्या छातीत काहीतरी आवळत होतं. ओळीच्या पार टोकाला गेला की दम कोंडायचा. मग तो वाख चाचपल्यासारखं करून थांबायचा, एक धागा ओढायचा, दुसरा सोडायचा आणि श्वास जागेवर यायची वाट बघायचा. याबाबत त्याने कुणाला ताकास तूर लागू दिली नव्हती. चाकावर बसलेल्या बायकोला कळत असावं असा त्याला संशय होता, कारण तो टोकाला पोहोचला की चाक जरा हळू व्हायचं. पण ती बोलली नव्हती आणि त्याने विचारलं नव्हतं.

सभेत त्याची बायको मात्र बोलली. "आम्हाला नाही का लावायचं यंत्र? चाकावरच्या बायांना?"

"सध्या फक्त चालणारे, काकू," मदतनीस डॉक्टर म्हणाला. "तुमचं बसून काम आहे. पुढच्या टप्प्यात बघू."

"बसून," ती म्हणाली आणि आपल्या उजव्या दंडाकडे बघून हसली.

नर्सबाई नसत्या तर एकाही गड्याने होकार दिला नसता. त्यांचा बाप यांतल्याच एका ओळीवर मागे चालता चालता मटकन खाली बसला आणि पुन्हा उठला नाही. ऊन लागलं, म्हणाले सगळे. त्या दिवशी आभाळ भरलेलं होतं, हे फक्त मुलीने लक्षात ठेवलं. शिकून नर्स झाल्यावर शहरात जाऊन डॉक्टरीणबाईंचं दार त्यांनीच ठोठावलं होतं. त्या घरोघर फिरल्या, म्हणाल्या, माझ्या बापासाठी करा. आता मेलेल्या माणसाला नाही कसं म्हणायचं? गड्यांनी तोंडदेखला होकार दिला आणि प्रत्येक जण आपापल्या घरी जाऊन विचार करत बसला.

यंत्र म्हणजे एक छोटा डबा. गळ्यात अडकवायचा, आणि त्यातून निघालेल्या वायरी चिकटपट्ट्यांनी छातीवर लावायच्या. पुरा एक दिवस आणि एक रात्र अंगावरून काढायचं नाही. नर्सबाईंच्या खोलीत लांब्याच्या छातीवर त्या पट्ट्या चिकटल्या तेव्हा त्या त्याला थंडगार लागल्या. "कामावर जा, नेहमीसारखे चाला," त्या म्हणाल्या. "काही लपवू नका, दादा. तो सगळं ऐकतो."

सगळं ऐकतो! लांब्याच्या मनात तेच घोळत राहिलं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही. हा ऐकणार की मी टोकाला थांबतो, हा सांगणार डॉक्टरांना, डॉक्टर बसणार जीपमध्ये, आणि पावसाळ्यानंतर पहिल्या ओळीवर गवत उगवणार.

ओळीवर येऊन त्याने वाखाचा भारा कमरेला गुंडाळायला घेतला. वाख पोटापासून पार छातीपर्यंत येतो, आणि तिथे वायरी. दोन पावलं मागे गेला तर वाखाबरोबर एक वायर ओढली गेली. त्याने ती सोडवली, तर दुसरी अडकली. लांब्याला मनातून बरंच वाटलं, कारण आता निमित्त मिळालं होतं. तो बायकोला खुणेने वाखाच्या गंजीमागे घेऊन गेला.

"हे तू घाल."

"मी? माझं नाव नाही त्यात."

"नाव कोण बघतंय? डबा भरला की झालं. माझ्या वाखात अडकतंय ते."

बायकोने त्याच्या तोंडाकडे पाहिलं. अडकतंय ते वाखात की आणखी कशात, हे तिने विचारलं नाही. सैल झग्याची बटणं काढून ती ओळींकडे पाठ करून उभी राहिली. त्याने आपल्या छातीवरून पट्ट्या सोलल्या, त्याबरोबर केसही उपटले गेले, आणि नर्सबाईंनी लावल्या होत्या तशाच त्या तिला चिकटवल्या. तिच्या गळ्याखालचं हाड किती वर आलंय ते त्याला पहिल्यांदा दिसलं. वाकून उठताना तिने गंजीला हात टेकला आणि डोळे मिटले.

"काय झालं?"

"काही नाही. अंधारी आली जरा. रिकाम्या पोटाचं."

ती चाकावर जाऊन बसली. लांब्याने दिवसभर निर्धास्तपणे दोर वळला, टोकाला पोहोचल्यावर मनसोक्त थांबला. दुसऱ्या दिवशी नर्सबाईंच्या खोलीमागे त्याने डबा पुन्हा आपल्या गळ्यात अडकवला आणि साळसूदपणे आत गेला. पट्ट्या जराशा तिरक्या लागल्या होत्या. नर्सबाई म्हणाल्या, "घाम फार येतो का, दादा?" तो म्हणाला, "येतो."

मग वाट बघणं सुरू झालं. तसले दिवस फार वाईट. मालक आपल्या खुर्चीवरून नुसता कुणाकडे बघून जांभई देई, तरी त्या गड्याची दोन रात्री झोप उडे. पोपटच्या ओळीसमोर मालक जरा जास्त वेळ उभा राहिला, तर पोपट दिवसभर गप्प होता, आणि पोपट गप्प बसलेला पाहून बाकीच्यांची पाचावर धारण बसली. कोण कुणाकडे चहाला गेलं, नर्सबाई कुणाच्या दारात थांबल्या, सगळ्यावर सगळ्यांची नजर. वर्षानुवर्षं एकमेकांच्या मयताला खांदा दिलेली माणसं, पण शेजारच्याचा श्वास मोजू लागली.

नर्सबाई आल्या त्या भर कामात. लांब्या नुकता दोराचा एक पदर संपवून चाकापाशी नवा झुपका अडकवत होता. बायको शेजारीच बसलेली, हात चाकाच्या दांड्यावर.

"दादा, कामाचं बोलायचंय. वहिनी, तुम्हीही ऐका." त्यांनी आवाज खाली घेतला. "तुमचा डबा बघितला. तुमचं हृदय मधूनच थांबतं. दोन ठोक्यांत फार अंतर पडतं. चक्कर येत असेल, अंधारी येत असेल. असं चालू राहिलं तर एक दिवस तुम्ही पडाल आणि उठणार नाही. परवा डॉक्टरीणबाई येतायत, त्यांच्याबरोबर शहरात जायचं. कातडीखाली छोटं यंत्र बसवतात, ते ठोका चुकू देत नाही. खर्चाची काळजी नको, ते सगळं ठरलेलं आहे."

लांब्याच्या छातीतून एक मोठा श्वास बाहेर पडला. माझं नाही! तो डबा माझ्या अंगावर नव्हताच. मी सुटलो. क्षणभर त्याला हसू फुटतंय की काय असं झालं, इतकं हलकं वाटलं. आणि मग त्याला तिचा हात दिसला. चाकाच्या दांड्यावरचा. तो हलत नव्हता.

"मालकाला सांगितलं हे?" त्याने विचारलं. दुसरं काही सुचलंच नाही.

"त्यांना कशाला सांगू?"

"मग विचार करून कळवतो."

"विचार कसला करायचाय यात?" नर्सबाई म्हणाल्या. पण तो वाख गुंडाळायला लागला होता. त्या निघून गेल्या. बायकोने चाक फिरवायला घेतलं.

दुपारच्या जेवणाला दोघं घरी आली. घर म्हणजे एक खोली, एक पलंग, खुंटीवर जुने दोर. लांब्याने पाण्याचा तांब्या तिच्यापुढे ठेवला. लग्नानंतर असं त्याने क्वचितच केलं असेल. ती पाणी प्यायली नाही.

"काही बोलू नका कुणाला," ती म्हणाली.

"अगं, थांबतंय म्हणे."

"थांबत असेल. मला तर काही कळत नाही थांबल्याचं. इतके दिवस चाललंय तसं चालेल." ती बोटांनी ताटाची कड घासत होती. "सांगितलंत तर काय होईल? तुम्ही फसवलंत हे निघेल. त्यांच्या पुस्तकातून काढून टाकतील. मग तुम्हाला पुन्हा लावतील डबा. मग तुमचंही निघेल."

"माझं काय निघेल?"

"मी चाक हळू करते ते कशासाठी करते?"

म्हणजे तिला ठाऊक होतं. पहिल्यापासून.

"एक ओळ आणि दोन्ही माणसं खराब," ती म्हणाली. "मालकाला निवडायला अर्धा क्षण लागायचा नाही. आणि फुकट कोण कशाला यंत्र बसवतं? छातीत घालतील आणि सोडून देतील. बिघडलं तर कुठे शोधायचं त्यांना?"

यातलं निम्मं लांब्याला पटलं आणि निम्मं पटवून घ्यावंसं वाटलं. खरं सांगायचं तर त्याला कुणीतरी थांबवायला हवंच होतं, आणि तिने थांबवलं. जिच्या जिवाचा प्रश्न तीच नको म्हणतेय, मग मी कोण, असं स्वतःला सांगत तो हात धुवून उठला. माणूस किती झटकन स्वतःची समजूत घालतो, ते त्याला तेव्हा दिसलं नाही.

नर्सबाईंनी परवाचा दिवस सांगितला होता. मधला दिवस तसाच गेला. त्या दिवशीची सकाळही तशीच गेली. ऊन तापल्यावर डॉक्टरीणबाईंची गाडी आली, या वेळी ओढ्यातून सरळ. मालक खुर्ची घेऊन नर्सबाईंच्या खोलीबाहेरच्या झाडाखाली येऊन बसला. सावली तिथे चांगली असते, म्हणाला.

लांब्या मागे चालत होता. या धंद्यात एक गंमत आहे. चालणाऱ्याचं तोंड कायम चाकाकडे. जन्मभर लांब्याने या बाईला लहान लहान होत जाताना पाहिलं होतं. पावलागणिक ती आकसायची, टोकाला गेलं की मुठीएवढी दिसायची, आणि तिथून परत आलं की पुन्हा मोठी. इतकी वर्षं तिच्याकडे तोंड करून त्याने पाहिलं होतं ते चाक, पीळ आणि दोर. आज तो तिलाच बघत होता. डोळे ताणून बघत होता.

तो अर्ध्या ओळीच्या पुढे गेला असेल नसेल, हातातला पदर सैल पडला. चाक थांबलं होतं. ती दांड्यावर कपाळ टेकून बसली होती, डावा हात खाली लोंबत होता. त्याने हाक मारायला तोंड उघडलं, तेवढ्यात तिने मान उचलली आणि चाक पुन्हा फिरू लागलं. लांबून हात हलवून तिने खूण केली, काही नाही, धागा अडकला होता.

लांब्याने हातातला पदर सोडला.

सुरू केलेला पदर मध्ये सोडायचा नाही, हे तिथे चालायला शिकवण्याआधी शिकवतात. सोडलेला पदर फरफर उलगडतो, त्याला गाठी पडतात, सगळा वाख वाया. बाप मेल्याचा निरोप आला तरी गडी पदर पुरा करून मग रडतो. लांब्याने तो सोडला, कमरेचा भारा उपसून जमिनीवर टाकला आणि ओळीतून सरळ पुढे चालत निघाला. अर्धा पदर टाकून ओळीवर पुढे चालणारा माणूस लोकांनी पाहिलाच नव्हता. शेजारची चाकं एकामागून एक थांबली. बायको उठून उभी राहिली होती. "अहो, नका," ती म्हणाली. त्याने तिचा दंड धरला आणि तसाच तिला घेऊन खोलीच्या दारात गेला. मालक तिथेच होता. असू दे, असं लांब्याला वाटलं नाही. त्याला प्रचंड भीती वाटली. पण आता बोललो नाही तर पुन्हा बोलणार नाही, हेही त्याला पक्कं कळलं.

"बाई, तो डबा माझ्या अंगावर नव्हता," तो म्हणाला. "हिच्या अंगावर होता. मीच दिला. आत्ता चाकावर शुद्ध गेली होती तिची, माझ्या डोळ्यांदेखत."

नर्सबाईंनी काही न विचारता बायकोला खाटेवर आडवं केलं. डॉक्टरीणबाई तिच्या मनगटावर बोटं ठेवून बराच वेळ तशाच राहिल्या. मदतनीस डॉक्टर लाल झाला. "तुम्हाला कळतंय का काय केलंत? इतक्या महिन्यांची मेहनत—"

"माझ्याही नव्हता," मागून पोपट म्हणाला. तो कधी येऊन उभा राहिला होता कुणास ठाऊक. "वाखात अडकतो तो. बायकोला दिला होता मी."

त्याच्या मागे आणखी गडी जमले होते. कुणी पायाकडे बघत होता, कुणी आभाळाकडे. चौथ्या ओळीवरचा म्हातारा गडी म्हणाला, "मी सुनेला दिला." मग बाकीच्यांनीही हळूहळू माना हलवल्या. प्रत्येकाला वाटत होतं, गावात लबाड आपण एकटेच.

डॉक्टरीणबाई स्टुलावर बसल्या. "म्हणजे आम्ही मोजली ती सगळी चाकावरच्या बायकांची हृदयं," त्या म्हणाल्या. "ज्यांचं बसून काम आहे म्हणून ज्यांना आम्ही घेतलंच नव्हतं." मदतनीस डॉक्टरने आपली वही मिटली.

तेवढ्यात झाडाखालून मालक म्हणाला, "आता कठीण झालं. धडधाकट गडी कोणते, ते कसं कळायचं?"

सगळे त्याच्याकडे वळले. त्याच्या लक्षात आलं की आपण मोठ्याने बोललो. डॉक्टरीणबाई दारात आल्या. "ते तुम्हाला कळणार नव्हतंच," त्या शांतपणे म्हणाल्या. "आणि तुमच्या जीपमध्ये मी बसले ती माझी चूक. ती पुन्हा होणार नाही." मालक खुर्ची उचलून निघून गेला. पण जाताना त्याने पहिल्या ओळीवर पडलेल्या वाखाकडे जे पाहिलं, ते लांब्याने पाहिलं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, मालकाचं तसंच होतं. पावसाळ्यानंतर काय होणार हे सांगायला ज्योतिषी नको होता.

गाडी लगेच निघाली. मागच्या सीटवर बायको खिडकीशी, शेजारी लांब्या गुडघे पोटाशी घेऊन. नर्सबाई पुढे बसल्या होत्या. ओढा मागे पडला, ओळखीची झाडं संपली.

"नर्सबाई सांगत होत्या ना परवा," बायको बाहेर बघत म्हणाली, "तेव्हा मी तुमच्या तोंडाकडे बघत होते."

लांब्याने गुडघे आणखी जवळ ओढले.

"सुटल्यासारखं झालं होतं तुम्हाला."

नाही म्हणावं, तुला भास झाला म्हणावं, असं त्याच्या ओठांवर आलं होतं. पण तोही जन्मभर तिच्याकडे तोंड करून चालला होता आणि तीही त्याच्याकडे तोंड करून बसली होती. त्या तोंडावरचं खोटं तिला कुठूनही दिसलं असतं.

"हो," तो म्हणाला. "झालं होतं."

तिने खिडकीकडून मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "बरं केलंत, खरं बोललात. नाही म्हणाला असतात तर उतरले असते मी." आणखी थोड्या वेळाने तिने त्याचा हात ओढून घेतला, झग्याच्या आत गळ्याखालच्या हाडाशी नेला आणि दाबून धरला. "इथे ठेवा. थांबलं तर मला हलवा. तेवढं तरी करा."

तिने डोळे मिटले. लांब्याच्या खरखरीत तळव्याखाली काहीतरी बारीक ठोकत होतं, मध्येच घाईने, मध्येच दमल्यासारखं. रस्ता वाईट होता. दर खड्ड्याला त्याला वाटायचं की थांबलं, आणि तो तिला हलवायचा, आणि ती डोळे न उघडता म्हणायची, "आहे अजून." शहर येईपर्यंत त्याने हात काढला नाही आणि त्या हातावर विश्वासही ठेवला नाही.